लाल दोऱ्याची झाडं

बारावीच्या वर्गात आनुवंशिकतेचं प्रकरण आलं, की मी फळ्यावर चौकटी आखते आणि वाटाण्याची लग्नं लावायला घेते. उंच झाड, बुटकं झाड. गोल बी, सुरकुतलेलं बी. जांभळं फूल, पांढरं फूल. मुलं पटापट उतरवून घेतात, कारण हे हमखास परीक्षेला येतं. दीडशे वर्षांपूर्वी मठातल्या एका साधूनं बागेत वाटाणे लावून हे सगळं शोधलं, असं मी सांगते. त्याचं काम तो जिवंत असेपर्यंत कुणी धड वाचलंसुद्धा नाही, हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. मुलांना वाटतं, मॅडमना त्या साधूबद्दल फार आदर आहे. आदर कसला, मला त्याचा हेवा वाटतो. त्याचं काम निदान कुणी खाल्लं तरी नाही.

माझं खाल्लं. अगदी खरोखरचं खाल्लं. भोगीच्या भाजीत घालून, वर तीळ पेरून, बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्लं आणि वर छान झालंय म्हणाले.

तेव्हा मी कोल्हापूरच्या बाहेर, एका संस्थेच्या शेती संशोधन केंद्रात कंत्राटी संशोधक होते. कंत्राटी म्हणजे काम बारमाही आणि नेमणूक मार्चपर्यंत. दर वर्षी मार्च जवळ आला, की माझा जीव टांगणीला लागायचा. केंद्राच्या साहेबांनी शिफारस केली तर संस्थेची मंडळी वर्षभराची मुदतवाढ द्यायची. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत होता, दोघांच्या पगारात घर चालायचं, त्यामुळं साहेबांचा मूड कसा आहे हे मी पावसाच्या अंदाजासारखं रोज बघायची. साहेबांचा विषय ऊस. त्या केंद्रात ऊस हे पीक होतं आणि उरलेलं सगळं भाजीपाला. माझ्या वाटाण्याला पंपघराच्या मागचा एक कोपरा मिळाला होता, आणि तोही तिथं उसाला पाणी चढत नव्हतं म्हणून.

वाटाणा माझ्या डोक्यात आईनं घातला. माझं माहेर गारगोटीजवळचं. भात कापून झालं, की आई त्याच ओलीवर वाटाणा टाकायची. बुटका, जांभळ्या फुलांचा, बारीक शेंगेचा. दाणा पिठूळ, उसळीला बरा, नुसता खायला अगदीच बेचव. बाजारातल्या गोड वाटाण्यापुढं त्याला कुणी विचारलं नसतं. पण थंडीत भुरी यायची, पानांवर पीठ सांडल्यासारखी पांढरी बुरशी. शेजारच्यांनी हौसेनं लावलेला गोड वाटाणा त्या पिठाखाली वाळून जायचा आणि आईचा वाटाणा हिरवागार उभा असायचा. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. शेतीशास्त्र शिकल्यावर वाटलं.

आईची आणखी एक सवय होती, तीही मी पुढं उचलली. दोडका असो, काकडी असो, वाटाणा असो, वेलावर एखादं फळ चांगलं धरलेलं दिसलं, की ती त्याला लाल दोरा बांधायची. मग त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. ते बियाचं. वेलावरच पिकायचं, वाळायचं आणि पुढच्या वर्षी पेरायचं. मी एकदा दोरा बांधलेली काकडी तोडून खाल्ली, तर आईनं मला भर अंगणात बदडलं होतं.

"बियाचं हाय म्हणून दोरा बांधलाय ना गं भवाने? पोटात घातलंस, आता पेरू काय, तुझी जीभ?"

आमच्या गावात कुठल्याही शेतात गेलात तरी लाल दोऱ्याचा अर्थ हाच होता. त्यामुळं जगात सगळीकडं तोच असणार, असं मी धरून चालले.

केंद्रात आल्यावर मी आईच्या वाटाण्याचं आणि बाजारातल्या गोड वाटाण्याचं लग्न लावलं. ऐकायला सोपं वाटतं. वाटाण्याचं फूल भलतंच घरकोंबडं. कळी उमलायच्या आधीच आतल्या आत त्याचं स्वतःशी लग्न लागून गेलेलं असतं, बाहेरच्या कुणाला आमंत्रण नसतं. म्हणून आदल्या दिवशीची कळी गाठायची, बारीक चिमट्यानं पाकळ्या बाजूला करायच्या, आतले परागकोश एकेक करून खुडून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग तिथं हलकेच टेकवायचा. जरा धक्का लागला की कळी गळून पडते. सकाळभर वाफ्यात वाकून बसलं, की मान दगडासारखी व्हायची आणि हाती लागायच्या चार शेंगा.

त्या चार शेंगांचं बी पेरलं, तर पुढच्या थंडीत एकूण एक झाडावर भुरी. साहेब फेरी मारायला आले, पांढरी पडलेली पानं बघितली आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईचा वाटाणा नापास झाला की हो!" सगळे हसले. मीही हसले, कारण फेब्रुवारी होता.

नापास बिपास काही झालं नव्हतं. भुरी टाळायचा गुण दबून राहणारा असतो. तो दोन्हीकडून मिळाला तरच झाडावर दिसतो, एकीकडून मिळाला तर आत लपून बसतो. नातवंडांत वर येतो. पुढच्या थंडीत पांढऱ्या पडलेल्या झाडांमध्ये दर चारांमागं एखादं झाड धुतल्यासारखं स्वच्छ निघालं आणि मला तिथंच वाफ्यात उभ्या उभ्या रडू आलं. पण गोडीही अशीच दबून राहणारी. गोड वाटाण्याचं बी वाळल्यावर सुरकुततं, पिठूळ वाटाण्याचं गोल राहतं. स्वच्छ पान आणि सुरकुतलेलं बी, दोन्ही एकाच झाडात हवं असेल तर सोळांत एक. वर शेंग मोठी हवी, दाणे भरलेले हवेत, झाड आडवं पडायला नको. अशा एकेका अटीनं झाडं गळत जातात. मी वर्षानुवर्षं नापास करत आले. आमच्या कामात निवडणं कमी, उपटून टाकणंच जास्त असतं.

फुलाचा रंग मात्र मी आईच्या वाटाण्याचाच राहू दिला, जांभळा. जांभळ्या फुलाच्या वाटाण्याच्या सालीला किंचित तुरटपणा असतो, कोवळेपणी तो कळतसुद्धा नाही. साहेबांना तो रंग पसंत नव्हता. वाटाण्याला पांढरं फूल असावं, असं त्यांचं मत. उसाच्या माणसाला वाटाण्याच्या फुलाबद्दल मत असायचं कारण काय, हे मी कधी विचारलं नाही. मी तिथं बरंच काही विचारलं नाही.

वर्गात मी मुलांना आणखी एक सांगते, ते पुस्तकात नाही. रानातला मूळ वाटाणा असा नव्हता. त्याची शेंग वाळली की फटकन फुटायची आणि दाणे लांब उडायचे. बी इतकं टणक, की पाऊस पडला तरी लगेच उगवायचं नाही, आपली वेळ आपण ठरवायचं. हजारो वर्षांपूर्वी बायका रानातून शेंगा गोळा करायच्या, तेव्हा फुटलेल्या शेंगांचे दाणे मातीत गेलेले असायचे. घरी यायच्या त्या न फुटलेल्या. तेच बी पेरलं गेलं, पुन्हा त्यातलंच न फुटलेलं निवडलं गेलं, आणि असं करत करत वाटाणा माणसाळला. आता त्याची शेंग आपणहून फुटत नाही, कुणीतरी सोलेपर्यंत गप्प बसून राहते. टणकपणाही गेला. टाकाल तिथं उगवतो. मुलं विचारतात, मॅडम, हे येणार का परीक्षेला? मी म्हणते, नाही, हे परीक्षेत येत नाही.

तर ते वर्ष. गोड, भरलेल्या शेंगांची, भुरीला न जुमानणारी मोजकी झाडं अखेर एका ओळीत उभी राहिली. एवढ्या वर्षांचं जे काही होतं ते त्या ओळीत होतं. साहेबांनीही त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, मार्चपर्यंत दाखवण्यासारखा एखादा वाण हातात द्या. मग मुदतवाढीचं मी बघतो. नुसतं चाललंय, चाललंय, असं संस्थेला किती दिवस सांगू?" त्यांचंही चुकत नव्हतं. मला फक्त त्या झाडांच्या शेंगा वेलावर वाळू द्यायच्या होत्या, बी काढायचं होतं आणि त्यांच्या टेबलावर ठेवायचं होतं. त्याआधीच्या वर्षी झाडांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्या दवानं कुजून गळून पडल्या. पत्र्याच्या चिठ्ठ्या मागवायचा अर्ज साहेबांच्या टेबलावर मुक्कामाला होता. म्हणून मी आईचा उपाय केला. लाल लोकर आणली आणि त्या प्रत्येक झाडाला दोरा बांधला. बांधताना आईची आठवण आली आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे मुद्दाम सांगते.

भोगीच्या दिवशी मी सकाळी घरचं आवरून बाराच्या सुमाराला केंद्रात पोचले, तर ओळ मोकळी. झाडं जागेवर होती, लाल दोरे जागेवर होते, शेंग एकही नव्हती. वरच्या कोवळ्या शेंगा गेल्या होत्या, आणि खालच्या, ज्या पिवळसर पडून वाळायला लागल्या होत्या, त्याही गेल्या होत्या. शेजारच्या ओळी मात्र शेंगांनी लगडलेल्या. मी केंद्राच्या मुकादमाला हाक मारली. तो खुशीतच होता. केंद्रातली मजुरांची सगळी व्यवस्था तोच बघायचा.

"ह्या शेंगा कुणी तोडल्या?"

"म्याच की. पहाटंच तोडल्या. भोगीची भाजी नगं व्हय सायबांच्या घरी? पावणंबी येणार हायती, संस्थेचं."

"अहो, पण दोरा बांधलेली झाडं! दिसला नाही का दोरा?"

"दिसला म्हणूनच तर!" तो म्हणाला. "लाल दोरा म्हंजी सायबांचाच माल की. बाकीच्या झाडास्नी हात सुदिक लावला न्हाई बघा. तुमचा प्रयोग हाय, म्हाईत हाय मला."

आणि मग त्यानं मला बांधावरून हात करून दाखवलं. फाटकाजवळचा फणस, त्याच्या एका फळाला लाल दोरा. विहिरीवरचा हापूस, त्याच्या एका फांदीला लाल दोरा. हुरड्याच्या ज्वारीच्या ताटांनासुद्धा थंडीत लाल दोरा असायचा. इतकी वर्षं मी ती झाडं बघत होते. मला वाटायचं, कुणीतरी बियाला राखतंय. माझ्या गावात दोरा म्हणजे तोडू नका. त्या केंद्रात दोरा म्हणजे साहेबांसाठी तोडा. मीच माझ्या सगळ्यात चांगल्या झाडांवर खूण करून ठेवली होती आणि त्या माणसानं इमानेइतबारे ती पाळली होती. चूक त्याची नव्हती, आणि मला ती कुणाची तरी असायला हवी होती.

साहेबांचा बंगला केंद्राच्या आवारातच, चिंचेच्या पलीकडं. मी जवळजवळ धावतच गेले. डोक्यात एकच हिशेब चालला होता. कोवळे दाणे गेले तर गेले, ते तसेही उगवले नसते. पण खालच्या शेंगा निबर झाल्या होत्या. त्यांचे दाणे सावलीत वाळवले तर नक्की उगवतील, आणि निबर दाणा भाजीत घालतं कोण? ते बाजूला काढलेले असणार. ओंजळभर जरी मिळाले तरी पुरे.

पुढच्या खोलीत संस्थेची तीन-चार मंडळी जेवायला बसली होती. साहेबांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, वाढत होत्या. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. माणूस वाईट नव्हत्याच त्या.

"अगं ये, ये! वेळेवर आलीस. सणाचं दारातून जायचं नाही. बस."

"वहिनी, शेंगा आल्या होत्या ना सकाळी, त्यातल्या काही उरल्यात का?"

"उरतायत कुठल्या? सगळ्या सोलल्या की. तुला हव्या होत्या? मुकादमाला सांगते, आणखी आणून देईल."

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. निबर दाणे कुठं टाकलेत? पण तो प्रश्न म्हणजे संस्थेच्या पाहुण्यांसमोर, भोगीच्या दिवशी, साहेबांच्या घरात कचरा कुठं टाकतात म्हणून विचारणं. साहेब माझ्याकडं बघत होते. मार्च दोन महिन्यांवर होता. मी पाटावर बसले.

ताटात भाजी आली. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे आणि त्या सगळ्यात उठून दिसणारा माझा वाटाणा. भाकरीवर लोण्याचा गोळा. मी एक दाणा वेगळा करून तोंडात टाकला. इतकी वर्षं मी त्याची पानं तपासली, शेंगा मोजल्या, बी भिंगाखाली धरलं, पण त्या ओळीचा एक दाणा कधी खाल्ला नव्हता. बियाचं कसं खायचं? तो गोड होता. मसाल्यातसुद्धा गोडी लपत नव्हती. अगदी शेवटी, गिळताना, जरासा तुरट लागला. मला आईचा मार आठवला.

"काय वाटाणा आहे हो साहेब," संस्थेतले एक गृहस्थ म्हणाले. "साखर घातलीय की काय?"

"आपल्याच केंद्रावरचा आहे," साहेब म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "मॅडम, हाच नमुना मार्चच्या अहवालात घ्या की. दाखवण्यासारखं झालंय काहीतरी."

"सर, ते बियाचं होतं," मी म्हणाले. "आता ते ताटात आहे."

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. साहेबही हसले. हसणं ओसरल्यावर जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मग परत लावा की, मॅडम. वाटाणाच आहे, काही ऊस नव्हे."

त्या वेळी मी ताट उचलून आपटायला हवं होतं. सगळं मनात होतं, एकेक शब्द तयार होता. मी म्हणाले, "भाजी छान झालीय, वहिनी." न फुटणाऱ्या शेंगांमधलीच मी. निवडून निवडून असंच तर ठेवलंय आम्हाला.

हात धुवायला मागच्या मोरीवर गेले. तिथं बादली होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी झाकण काढून बघितलं. वर हिरवी टरफलं, खाली गाजराची सालं. मी हात घालून तळापर्यंत चाचपलं. दाणा एकही नव्हता. मग नळ सोडून हात धुतले. पाणी मोरीतून चरानं केळीच्या बेटाकडं जात होतं. मी थोडा वेळ त्या पाण्याकडं बघत उभी राहिले आणि घरी आले.

मागच्या पिढीचं बी थोडं शिल्लक होतं. पण त्यातून तीच झाडं पुन्हा निवडून काढायची तर दोन थंड्या गेल्या असत्या, आणि माझ्याजवळ उरला होता एक उन्हाळा, तोही अर्धाच. दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून मुदतवाढ झाली नाही. मार्चमध्ये मी कार्यमुक्तीच्या कागदांवर सही घ्यायला बंगल्यावर गेले. पुढच्या दारातच थांबले. साहेब मागून आले, हातांना कोपरापर्यंत माती. "परसात रान माजलंय नुसतं," म्हणाले, "थांबा, हात धुऊन येतो." हात धुऊन आले, सही केली, आणि पुढं काही लागलं तर सांगा म्हणाले. मी शिल्लक बी केंद्राच्या कपाटात सोपवलं. पुढं वर्षभरात त्याला भुंगा लागला, असं मुकादमाकडून कळलं. ते पेरणारं तिथं कुणी नव्हतं. आईचा मूळ वाटाणाही तोवर गेला होता. तिचे गुडघे थकले आणि भावानं त्या तुकड्यात ऊस लावला. उसानं मला माहेरीही सोडलं नाही.

मग मी कॉलेजात लागले. फळ्यावरचे वाटाणे कुणी खात नाही, एवढं एक बरं आहे.

गेल्या भोगीच्या आदल्या दिवशी कपिलतीर्थाच्या मंडईत वाटाण्याच्या ढिगापुढं उभी होते. मी वाटाणा विकत घेत नाही, पण बघते. शेंग उघडून दाणे मोजायची खोड अजून जात नाही. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. वहिनी. केस पांढरे झाले होते. साहेब निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

"अगं, तूच ना ती वाटाण्याची मॅडम? त्या वर्षीसारखा वाटाणा पुन्हा खाल्ला नाही बघ. ह्यांनाही अजून आठवण येते. कुठं मिळतो गं तो?"

आता मला कुणाच्या सहीची गरज नव्हती. मी सरळ सांगितलं, "कुठं नाही मिळत. तो तेवढाच होता, वहिनी. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मिळून खाऊन संपवला."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. त्या नुसत्या हसल्या.

"संपवला कसला? निबर दाणे निघाले होते की ओंजळभर. मी म्हटलं, पाहुण्यांच्या दाताखाली येतील, म्हणून केळीच्या बुडात टाकले. सगळे उगवले की गं! मोरीचं पाणी लागायचं ना तिथं. वेल केळीवर चढले, जांभळी फुलं आली. इतकी सुंदर दिसायची, मी शेजारणींना बोलावून दाखवली."

मंडईत नेहमीसारखा आरडाओरडा चालला होता. मला तो लांबून ऐकू यायला लागला.

"मग?"

"मग काय, शेंगा धरायला लागल्या तोवर ह्यांनी उपटून टाकले. मी म्हटलं, अहो, वाटाणा असेल. तर म्हणाले, वाटाण्याला पांढरी फुलं असतात, हे रान आहे. मार्च असेल बघ. तू आली होतीस त्या दिवशी, सहीला."

हातांना कोपरापर्यंत माती. थांबा, हात धुऊन येतो. मी पुढच्या दारात उभी होते, आणि मागं केळीखाली माझी झाडं मुळं वर करून पडली होती. भोगीला त्या मोरीवर मी हात धुतले होते. माझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांना मिळालं होतं. कचऱ्याच्या बादलीत तळापर्यंत हात घातला, पण एक साधा प्रश्न तोंडातून काढला नाही.

"ताई, घेणार हायसा का नुसत्या शेंगा फोडत बसणार?" भाजीवाली ओरडली. माझ्या हातात चारपाच शेंगा चुरगळल्या होत्या. मला भाजीवालीवर, वहिनींवर, त्या भरल्या ढिगावर, सगळ्यावर संताप आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"वहिनी, त्या वेलांच्या पानांवर पांढरं काही आलं होतं का? पीठ सांडल्यासारखं?"

वहिनींनी जरा आठवून बघितलं.

"छे गं. हिरवीगार होती. उपटून उकिरड्यावर टाकली, तरी दोन दिवस तशीच हिरवी होती."